तीन दिवसांच्या अंधाराची तयारी

चर्चचं दार ढकललं की हल्ली आधी सोयाबीनचा वास येतो. शेजारच्या बाप्पूंनी पोती ठेवायला जागा मागितली आणि मायनं दिली. "देव आत येकटाच हाय, त्याला काय गर्दी हुनार," असं म्हणाली म्हणे. पोत्यांच्या थप्पीमागे वेदी आहे. तिच्यावरचं पांढरं कापड पिवळं पडलंय, आणि उंदरांनी एका कोपऱ्याला झालर केली आहे. सोयाबीनच्या धुळकट वासाखाली थोडा वेळ उभं राहिलं की मग तो दुसरा वास येतो. मेणाचा. खऱ्या, मोहोळाच्या मेणाचा. वयाची पंचेचाळिशी ओलांडली, बीडच्या शाळेत साठ पोरं एका नजरेत गप्प बसवते मी. पण त्या वासापुढं माझे पाय अजून परकर घातलेल्या पोरीचे होतात.

मायनं पवित्र पाणी आणायला पाठवलं होतं. दाराजवळचं दगडी भांडं कोरडं ठणठणीत. तळाला एक मेलेला भुंगा.

चर्च म्हटलं की शहरातल्या माणसाला मनोरा, घंटा, रंगीत काचा आठवतात. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, वर लोखंडी क्रूस, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. नेकनूरहून येणाऱ्या रस्त्यावरनं पाहिलं तर कुणाला कोंबड्यांची शेड वाटावी. माझ्या वडिलांनी, दादांनी, ते बांधलं. ते गवंडी होते. पण मिस्सेला, म्हणजे उपासनेला, ते शेवटच्या रांगेत, जवळजवळ दारातच बसायचे आणि म्हणायचे, "बांधनारानं भाईरच थांबावं. पडलं बिडलं तर पळता येतंय."

गावातले लोक आम्हाला 'जुने' म्हणत. बीडला एक मोठं चर्च होतं, तिथले कॅथलिक ते 'नवे'. आमच्या जन्माआधी कधीतरी रोमनं मिस्सा बदलली. लॅटिन गेली, मराठी आली, तबला-पेटी आली, आणि वेदीकडं तोंड करून उभा राहणारा फादर लोकांकडं तोंड करून उभा राहू लागला. बहुतेकांना ते आवडलं. आमच्यासारख्या चार-दोन घरांना वाटलं की फादरनं देवाकडं पाठ फिरवली. कुणाचं कुणाशी काय बिनसलं ते मला कधीच धड कळलं नाही. एवढंच कळलं की आम्ही वेगळे झालो, आणि जगबुडीत तरंगणारी नाव म्हणजे आमची ही पत्र्याची खोली. बाकी सगळे पाण्यात.

आमचे फादर दक्षिणेकडचे. वर्षातून मोजक्या वेळा यायचे, एसटीनं, लोखंडी ट्रंक घेऊन. उन्हातान्हात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा झगा. स्टँडवर पोरं त्यांना वकील समजत. त्यांची मराठी पुस्तकी आणि तुटकी होती, आवाज मात्र मऊ. त्या मऊ आवाजात ते इतक्या भयंकर गोष्टी सांगत की ओरडून सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. रोममधली गादी रिकामी आहे, असं ते सांगत. तिच्यावर जो बसलेला दिसतो तो खरा पोप नव्हे. आमच्या जिल्ह्यात गादी म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. गडाच्या महंतांच्या गादीवरून भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात. तरी मला रात्ररात्र ती रिकामी गादी दिसायची. पांढरी, लोडासकट, आणि तिच्यावर बसल्याचा खळगा.

फादर येणार त्या दिवशी आदल्या मध्यरात्रीपासून कुणी काही खायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही, कारण देव पोटात जायचा तर पोट रिकामं हवं. एसटीला हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळं ती हमखास उशिरा यायची. सकाळची मिस्सा बारावर जाई. आंघोळ करताना आम्ही पोरं ओठ घट्ट मिटून घेत असू, थेंब आत गेला तर काय, म्हणून. बाया कपाळाखाली पदर ओढून चटयांवर बसलेल्या, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि फादरची पाठ आमच्याकडं. एक शब्द कळत नव्हता. "दोमिनुस व्होबिस्कुम," असं ते म्हणत आणि आम्ही ज्वारी खुडणारी माणसं एका सुरात उत्तर देत असू, "एत कुम स्पिरितु तुओ." कळत नव्हतं म्हणूनच ते देवाचं वाटायचं. मग गुडघे टेकून जीभ बाहेर काढायची. ख्रिस्तप्रसादाची ती पातळ चकती जिभेवर यायची आणि नेमकी टाळूला चिकटायची. बोट लावायचं नाही, दात लावायचा नाही. दात लागला तर तोंडात रक्त येतं, असं माय सांगायची. वाळलेल्या तोंडात ती चकती विरघळेपर्यंत मी श्वास घेत नसे.

दादांना लॅटिन येत नव्हतं, किंवा येत नाही असं आम्ही समजत होतो. माळ जपताना ते 'आवे मारिया'ची प्रार्थना मोठ्यानं सुरू करायचे आणि अर्ध्यावर येऊन नुसतं हूं-हूं गुणगुणायचे, मध्येच माझ्याकडं बघून एक डोळा मिटायचे. माय भडकायची. "देवाची चेष्टा करायलाव का?" दादा म्हणायचे, "अगं, देवाला ठावं हाय पुढचं. त्याला कावून परत सांगू?"

सगळ्यात मोठी भीती होती तीन दिवसांच्या अंधाराची. फादर सांगत, शेवटच्या काळात एक दिवस भरदुपारी सूर्य विझेल. तीन दिवस, तीन रात्री. दुसरा कुठलाच दिवा लागणार नाही; फक्त शुद्ध मेणाची, आशीर्वाद दिलेली मेणबत्ती पेटेल. दारं-खिडक्या बंद करून गुडघ्यावर बसायचं. बाहेर बघायचं नाही, जो बघेल तो जागच्या जागी मरेल. आणि दारावर थाप पडली तर उघडायचं नाही. सैतान ओळखीच्या आवाजात येईल. आईच्या, मुलाच्या, नवऱ्याच्या. तो रडेल, हाका मारेल. उघडायचं नाही.

म्हणून आमच्या घरी मेण असायचं. डोंगरातली माणसं आग्या मोहोळ झाडून मध विकायला येत. माय मध दुसऱ्यांना घेऊ द्यायची आणि पोळं आपण घ्यायची. चुलीवर पाणी, पाण्यात पोळं. सगळ्या घराला गोड, किंचित जळका वास. मेलेल्या माश्या वर तरंगायच्या. जुन्या धोतराच्या फडक्यातनं ती ते गाळायची, गार झालं की वर पिवळी वडी जमायची. मग ती वितळवून सुताची वात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. हळूहळू वात बोटाएवढी जाड होई. त्या वेळी मायचा चेहरा जो शांत दिसायचा, तो मी एरवी कधी पाहिला नाही. भीतीवर काहीतरी काम करता येतंय याचा तो आनंद असावा. फेब्रुवारीत फादर आले की मेणबत्त्यांना आशीर्वाद देत. मग त्या लुगड्यात गुंडाळून पेटीत, बाळंतविड्यासारख्या.

मी माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना याबद्दल काही बोलले नाही. पण दुपारी साधा ढग सूर्यावर आला तरी मी वहीवरनं मान वर करायची आणि मनात हिशेब करायची की इथून घर किती लांब आहे.

आणि मग तो दिवस आला. ज्वारी काढणीला आलेली. दादा वडवणीच्या बाजाराला गेले होते. दुपारची वेळ, उन्हानं डोळे दिपत होते. बघता बघता डोंगराकडनं काळं आलं. ढग म्हणावा असा त्याला आकार नव्हता. हिरवट काळं, खालपर्यंत उतरलेलं. पाखरं ओरडायची थांबली. मायनं वर पाहिलं, मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. खिडकीला पोतं अडकवलं. घरात इतका अंधार झाला की मला माझा हात दिसेना.

ती लगेच मेणबत्तीकडं गेली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. माय भोळी होती, वेडी नव्हती. तिनं आधी विजेचं बटण दाबलं. वीज नव्हती, आमच्याकडं वारं सुटलं की ती जातेच. मग चिमणी पेटवली. चिमणी तडतडली आणि विझली. पुन्हा काडी लावली, पुन्हा विझली. रेशनच्या रॉकेलमध्ये पाणी असायचं, हे साऱ्या गावाला माहीत होतं, तिलाही. पण त्या वेळी ते तिला आठवलं नाही. मी तिचा श्वास ऐकत होते. तो छोटा छोटा होत चालला होता. मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. काडी ओढली, आणि मोहोळाच्या मेणाची ती मेणबत्ती पहिल्याच काडीला पेटली. स्थिर, सरळ ज्योत.

माय गुडघ्यावर कोसळलीच. "आली गं बाई," ती म्हणाली. "घडी आली."

तेवढ्यात पत्र्यावर पहिली गार पडली, मग दुसरी, मग सगळं आभाळच. गारपीट मी नंतर पुष्कळ पाहिली, पण बंद घरात, अंधारात, पत्र्याखाली तिचा आवाज काय असतो ते मी कुणाला सांगू शकत नाही. आम्ही माळ जपत होतो आणि आमचाच आवाज आम्हाला येत नव्हता.

मग दारावर थाप पडली.

"मार्था! अगं ये मार्था, मी हाय! दार उघड!"

दादांचा आवाज. मी उठले. मायनं मला खाली दाबलं, दुखेल इतक्या जोरात.

"गारा पडायल्यात गं! डोस्कं फुटलं माझं! उघड!"

माय दाराशी गेली. कडीला तिनं हात लावला नाही. दाराला तोंड लावून ओरडली, "आवे मारिया म्हना! समदं म्हना!"

बाहेर क्षणभर थाप थांबली. नुसत्या गारा. आणि मग दादांच्या आवाजात, घाईनं पण एकही शब्द न सोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आमेनसकट सगळी प्रार्थना आली. फादर म्हणतील तशी. स्वच्छ.

मायचा चेहरा मेणबत्तीच्या उजेडात मी पाहिला. तिनं हात मागं घेतला, विस्तव लागल्यासारखा. ती मागं मागं सरकत माझ्यापर्यंत आली, मला पोटाशी धरलं आणि माझ्या कानात म्हणाली, "तुज्या बापाला येवढं धड येतच न्हाई."

ते दार दादांनीच बसवलेलं होतं, सागाचं. थापा पडत राहिल्या. मग लाथा. मग हाका, नुसत्या, शब्द नसलेल्या. मी डोळे मिटले होते आणि कान तिच्या कुशीत दाबले होते. कधीतरी थापा थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा मला जास्त भीती वाटली.

अंधार तीन दिवस राहिला नाही. गारा थांबल्या, पोत्याच्या विणीतनं उजेडाचे ठिपके आत आले, बाहेर कुठंतरी कोंबडा आरवला. माय बराच वेळ त्या ठिपक्यांकडं बघत बसली. मग उठून तिनं कडी काढली. उंबऱ्यापाशी गारांचा ढीग, मध्ये मध्ये लाल झालेला.

दादा बाप्पूंच्या वाड्यात सापडले, मेंढरांच्या गोठ्यात. बाप्पू मेंढरं राखायचे. त्यांची कितीतरी कोकरं त्या दिवशी मेली होती. पण त्यांनी आपली घोंगडी दादांच्या अंगावर टाकली होती. कपाळ फुटलेलं, पाठ निळी-काळी. बाप्पू मायला म्हणाले, "मार्थाबाई, घरात न्हवता का तुमी? अंतू लई बोंबलत हुता." तिनं दादांना घरी आणलं, पालथं झोपवलं आणि हळद-तेल लावायला बसली. दादांनी मान वळवली आणि विचारलं, "सरला का गं अंधार?" तेव्हा माय रडली. आवाज न करता, पाठीवर हात फिरवत, तेलात अश्रू पडत होते तरी थांबली नाही.

दादांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. गावात 'गारांत सापडलो' एवढंच सांगितलं. पण त्यानंतर त्यांनी आमच्या दारावर थाप कधी मारली नाही. बाहेर अंगणात येऊन खोकायचे आणि उभे राहायचे, दार उघडेपर्यंत. माळ जपतानाही ते पूर्वीसारखेच अर्ध्यावर गुणगुणायचे. फक्त माझ्याकडं बघून डोळा मिटायचं त्यांनी सोडलं.

नशीब बघा. चेष्टा करणारे दादा गेले तेव्हा फादर योगायोगानं गावातच होते. मरणाआधीचं पापनिवेदन, तेलाचा संस्कार, लॅटिन, सगळं यथासांग झालं. आणि जिनं आयुष्यभर एक उपवास चुकवला नाही, ती माय आता खाटेवर आहे, आणि फादर दोन पावसाळ्यांपूर्वी तिकडं दक्षिणेत वारले. त्यांच्यामागं दुसरं कुणी नाही. बीडच्या डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलंय. घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

मी रिकाम्या हातानं चर्चमधून परत आले. माय जागी होती. तिचं अंग इतकं बारीक झालंय की गोधडीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं.

"पानी न्हाई ना?" ती म्हणाली. "मला ठावं हुतं."

मी पुन्हा तेच विचारलं जे आठवडाभर विचारतेय. "माय, मोठ्या चर्चच्या फादरना बोलवू का? चांगले आहेत गं. लगेच येतील गाडी घेऊन."

"यीतील. पर त्यांच्या हातात काय हाय?" ती चिडली नाही. दमून म्हणाली. "त्यांना नव्या रीतीनं फादर केलंय. मानूस चांगला आसंल, पर पाप सोडायची सत्ता त्याला मिळालीच न्हाई. रिकाम्या तांब्यानं अंगुळ हुती का?"

यावर वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला माहीत आहे. माझं लग्न मोठ्या चर्चमध्ये झालं तेव्हा ती आली, पण आत आली नाही. फाटकाबाहेर लिंबाखाली माळ जपत उभी होती, जरीचं लुगडं नेसून. माझ्या मुलाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, तिकडचाच. पहिल्यांदा तिच्याकडं बाळ ठेवून मी बाजारात गेले, परत येते तर बाळाचं डोकं ओलं. "आदी झाला आसंल तर आसू दे," ती म्हणाली, "झाला नसंल तर आता झाला." मी तेव्हा हसले होते. आज हसू येत नाही.

"मग काय करायचं गं माय?"

ती छताकडं बघत राहिली. मग सावकाश, धडा म्हणावा तसं, फादरनं शिकवलेलं सांगू लागली. पश्चात्ताप दोन तऱ्हेचा. एक भ्याचा. नरकात जाईन म्हणून पापाचं वाईट वाटणं. फादर समोर असला तर तेवढाही चालतो, बाकीचं फादरची सत्ता करते. पण फादर नसंल तर भ्याचा पुरत नाही. तेव्हा दुसरा लागतो, मायेचा. नरक असो नसो, ज्यानं आपल्यावर माया केली त्याला दुखावलं, म्हणून वाईट वाटणं.

"मंग तो कर की," मी म्हणाले. तोंडातनं निघून गेलं.

"करायलेय की. सकाळपसून तेच करायलेय." तिचे डोळे भरले. "पर माज्याजवळ निसतं भ्याच हाय, बाई. ते बाजूला सारून बगती, तर खाली काय घावतच न्हाई. सारा जलम भ्याले मी. माया कवा केली तेच आटवंना."

तिचा हात मी हातात घेतला. बाहेर बाप्पूंचा नातू पोती मोजत होता, कुणाशी तरी फोनवर बोलत होता. जग चाललं होतं. आणि इथं माझी माय नरकाच्या काठावर, तिच्या लेखी अगदी काठावर, एकटी उभी होती. मला ते खरं वाटत नाही असं मी कितीही म्हटलं तरी माझे तळवे घामेजले होते.

"माय," मी म्हणाले, "दादांच्या पाठीला हळद लावलीस तेव्हा रडत होतीस. तेव्हा कुणाचं भ्या होतं तुला?"

आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बोलत होतो.

"तवा," ती म्हणाली, "तवा कुनाचंच न्हवतं. देवाचं बी न्हाई. निसतं वाटायलं, ह्या पाठीवरचं समदं माज्या पाठीवर यावं."

"मग? तीच की माया."

"ती मानसावरची." ती ताबडतोब म्हणाली. मरतानाही माझ्या मायला ढिलं काही चालत नाही. "देवावरची पायजे." मग तिची मान माझ्याकडं वळली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी लहानपणी फादरकडं पाहायचे. "त्ये चालंल का गं? देवाला चालंल का त्ये?"

मी कोण? नव्यांच्या घरची सून. माझं लग्नसुद्धा तिच्या हिशेबात लग्न नाही.

"चालेल," मी म्हणाले.

"नक्की ठावं हाय तुला?"

"नक्की."

तिनं सुस्कारा सोडला. कपाळावरची आठी सैल झाली. ओठ हलू लागले, बहुधा दादांशी बोलत होती, किंवा देवाशी. थोड्या वेळानं झोप लागली. कितीतरी दिवसांनी अशी शांत.

मला काहीही नक्की ठाऊक नाही. जे बोलले ते खोटं असेल, तर मरणाऱ्या माणसाला त्याच्या आत्म्याच्या बाबतीत फसवलं मी, आणि मायच्या धर्मात याहून मोठं पाप थोडंच असेल. आणि तिच्याच धर्माप्रमाणं, ते कबूल करावं असा एकही माणूस आता मला या जगात उरलेला नाही. माझा हात तिच्या मुठीत अडकला आहे. तो सोडवून घ्यायचा मला धीर होत नाही, आणि आता भीती दोघींची मिळून मला एकटीला वाटते आहे.